तिथे वाफसा येतो का?

शुक्रवारी ऑफिसात स्ट्रेस मॅनेजमेंटचं वर्कशॉप होतं. एसी हॉल, कुकीज, कॉफी आणि अतिशय फ्रेश दिसणारा एक ट्रेनर. त्याने फळ्यावर उपड्या वाटीसारखा ग्राफ काढला. थोडा स्ट्रेस चांगला, जास्त झाला की परफॉर्मन्स धाडकन खाली. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि डोलावता डोलावता टेबलाखाली मेल चेक केले. त्याच रात्री मी पुण्याहून धुळ्याची ट्रॅव्हल्स पकडली. शनिवारी सकाळी पारोळ्याच्या अलीकडे आबांच्या शेतात घोटाभर चिखलात उभी होते, आणि समोर खराखुरा स्ट्रेस उभा होता. उभा कसला, लवलेला. चार एकर कपाशी, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या झाडांनी माना टाकलेल्या.

ही २०२५च्या ऑगस्टमधली गोष्ट. तीन आठवडे आमच्या शिवारात पावसाने दडी मारलेली. मग एका रात्रीत धो धो. सकाळी पुन्हा लख्ख ऊन. आणि दुपार व्हायच्या आत झाडं मलूल. पानं हिरवीच, कीड नाही, डाग नाही, फक्त जीव गेल्यासारखी लोंबती. शेतकरी याला आकस्मिक मर म्हणतात, कृषी खात्याच्या पत्रकात पॅरा विल्ट.

मी शहरातली शहाणी. म्हटलं, ‘आबा, पाण्यात उभं राहून झाड तहानेने कसं मरतंय?’

आबा म्हणजे माझे मोठे काका. पासष्टीचे, अहिराणीत बोलणारे आणि ट्रेनरपेक्षा निम्म्या शब्दांत समजावणारे. म्हणाले, ‘तहान नही माय, मुळेस्ना दम कोंडाई गया.’

मुळांना श्वास लागतो. हे मला बारावी सायन्सला शिकवलं असणार, मार्कही मिळाले असणार, पण डोक्यात शिरलं ते त्या चिखलात. काळ्या जमिनीत मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात, त्यात थोडं पाणी हवं आणि थोडी हवा हवी. दोन्ही जमून आलं की शेतकरी म्हणतो, वाफसा आला. मग पेरणी, मग कोळपणी, मग सगळं. वाफसा नसताना जमिनीत पाय घालायचा नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. पाऊस जास्त झाला की पोकळ्या पाण्याने भरतात, हवा हाकलली जाते, मुळं गुदमरतात. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. वर ऊन तापलेलं, पानातून पाणी उडतंय, खालून पुरवठा बंद. म्हणून पाण्यात उभं राहून झाड सुकतं.

आता मूळ विषयाकडे येते. तुम्ही म्हणाल कॉलम वाचायला घेतला आणि ही बाई शेतीच्या पानावर घेऊन चालली. थांबा. आपण अंतराळात जातोय, पारोळ्यामार्गेच.

त्या दिवसांत आमच्या घरात शुभांशू शुक्लाची चर्चा होती. २५ जून २०२५ला तो उडाला, पंधरा जुलैला परत आला, आणि मधल्या काळात स्पेस स्टेशनवर त्याने मूग आणि मेथीला मोड आणले. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि तिथल्याच आयआयटीचा तो प्रयोग. आबांच्या नातवाला शाळेत त्यावर प्रोजेक्ट होतं, आणि प्रोजेक्ट म्हटल्यावर ते मी करणार हे ओघानेच आलं. त्याच्या आधी, ३० डिसेंबर २०२४ला, इस्रोने पीएसएलव्ही-सी६०सोबत चवळीच्या ८ बिया पाठवल्या होत्या. रॉकेटचा चौथा टप्पा एरवी कचरा म्हणून फिरत राहतो. इस्रोने त्यालाच छोटी प्रयोगशाळा करून टाकलं. एका बंद डबीत चवळी चार दिवसांत उगवली आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिला पानं फुटली. एकदम कूल, की नाही? कॉम्प्युटरवर दोन पानांचा तो फोटो मी नातवाला दाखवत होते आणि आबा मागून बघत होते.

ते म्हणाले, ‘तठे वाफसा येस का?’

मी हसले. नंतर रात्री प्रोजेक्टसाठी वाचायला बसले तेव्हा हसू गेलं. कारण अंतराळात झाडं वाढवणाऱ्यांनी कित्येक वर्षं ज्याच्याशी झटापट केली, तो प्रश्न हाच आहे. नाही, आबा. तिथे वाफसा येत नाही.

आपल्याला वाटतं की अंतराळात झाडाचा मुख्य प्रॉब्लेम म्हणजे त्याला वर-खाली कळत नसणार. बिचारं गोंधळत असणार, मूळ वर आणि शेंडा खाली. हा प्रॉब्लेम आहे, पण वाटतो तेवढा मोठा नाही. मुळाच्या टोकाशी पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात, ते खाली बसतात आणि मुळाला दिशा कळते. अंतराळात ते खाली बसत नाहीत. मग झाड काय करतं, तर प्रकाशाकडे बघतं. शेंडा उजेडाकडे, मूळ उजेडापासून लांब. मोहरीच्या कुळातलं अरेबिडॉप्सिस नावाचं एक तण शास्त्रज्ञांचं लाडकं. त्याची मुळं जमिनीवर एका विशिष्ट पद्धतीने नागमोडी वाढतात, आणि हा गुरुत्वाकर्षणाचा प्रताप असं सगळे समजत. स्पेस स्टेशनवरही ती तशीच नागमोडी वाढली. म्हणजे दिशेचं झाडाने निभावून नेलं.

खरी पंचाईत पाण्याची आणि हवेची.

आमच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत आहे, शेकडो वर्षं जुनी. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि गावाची सगळी शेती फडांमध्ये वाटलेली. पंप नाही, इंजिन नाही, लाइटबिल नाही. पाणी आपलं उताराने जातं, पाटकरी ते कुणाकडे वळवायचं ते बघतो. ही सगळी सिस्टिम एका गोष्टीवर उभी आहे : पाणी खाली वाहतं. अंतराळात ‘खाली’च नाही. पाणी वाहत नाही, झिरपत नाही, निचरा होत नाही. ते चिकटतं. मुळाला, मातीच्या दाण्याला, भांड्याच्या भिंतीला, जिथे जागा मिळेल तिथे जाडसर थर करून बसतं. जास्त दिलं की मूळ पाण्याच्या गोळ्यात बंद, कमी दिलं की एका बाजूला कोरडं ठक्क. मधलं काही नाही.

हवेचंही तसंच. आपल्याकडे गरम हवा वर जाते, थंड हवा तिची जागा घेते, त्यामुळे काही न करता सगळं ढवळत राहतं. तिथे गरम हवा हलकी असूनही वर जात नाही, कारण पुन्हा तेच, वर म्हणजे कुठे? पानाभोवतीची हवा तिथेच साचून राहते. मुळाजवळचा ऑक्सिजन संपला की नवा आपणहून येत नाही.

म्हणून अंतराळात वाढलेल्या रोपांचे जीन्स तपासले तेव्हा सापडलं काय, तर पूर आलेल्या शेतातल्या रोपासारखी लक्षणं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे सायमन गिलरॉय आणि त्यांची टीम यावर काम करते. त्यांच्या रोपांमध्ये ऑक्सिजन कमी पडल्यावर जे जीन्स सुरू होतात, त्यांची हालचाल दिसली. पृथ्वीपासून ४०० किलोमीटर वर, कोट्यवधी रुपये खर्चून, आणि झाडाला काय होतंय? जे आबांच्या कपाशीला होतंय तेच.

या सगळ्यातली मला सगळ्यात आवडलेली स्टोरी झिनियाची. झिनिया म्हणजे आपल्याकडे बंगल्यांच्या कुंपणाशी असतात ती रंगीत फुलं. २०१५च्या शेवटी स्पेस स्टेशनवर नासाने ती लावली. त्याआधी ऑगस्टमध्ये तिथल्या लोकांनी स्वतः पिकवलेलं लाल लेट्यूस खाल्लं होतं, त्यामुळे सगळे जोरात. पण झिनियाची पानं दुमडायला लागली, पानांच्या कडांमधून पाणी पाझरायला लागलं. मुळांशी पाणी फार झालं होतं. पंखा वाढवला. पण उशीर झाला होता, पानांवर बुरशी आली. बुरशीची पानं कापली, पंखा जोरात ठेवला, तर आता रोपं वाळायला लागली. पाणी द्यायचं शेड्यूल जमिनीवरून ठरलेलं : अमुक दिवशी अमुक इतकं. अंतराळवीर स्कॉट केलीने रोपं बघून सांगितलं की यांना आज पाणी पाहिजे. त्याला उत्तर मिळालं की शेड्यूलमध्ये आज पाणी नाही. (ओळखीचं वाटतंय? मला माझा प्रोजेक्ट मॅनेजर आठवला.) शेवटी केलीने मागणी केली की बघून ठरवायची मुभा मला द्या. नासानेही मान्य केलं, त्याला एका पानाचं गाइड दिलं आणि बाग त्याच्यावर सोपवली. काही रोपं गेली, उरलेली सावरली, आणि जानेवारी २०१६मध्ये फूल आलं.

आबांना ही स्टोरी सांगितली तर त्यांना त्यात सांगण्यासारखं काही दिसेना. पाणी झाडाकडे बघून द्यायचं असतं, त्यात काय?

पण त्यांना आवडली ती मीरची गोष्ट. मीर हे रशियाचं जुनं स्टेशन. १९९६-९७मध्ये तिथे बुटक्या जातीचा गहू लावला. गहू वाढला, ओंब्या आल्या, सगळे खूश. ओंब्या उघडल्या तर एकातही दाणा नाही. सगळ्या वांझ. गुरुत्वाकर्षण नाही म्हणून परागीभवन झालं नाही, अशी पहिली शंका. निघालं वेगळंच. हवेत इथिलीन साचलं होतं.

इथिलीन म्हणजे कोण, हे जळगाव जिल्ह्यात सांगायला लागत नाही. सावदा, रावेर पट्ट्यातली केळी ट्रकने हिरवी निघते आणि रायपनिंग चेंबरमध्ये याच वायूने पिवळी होते. हा वायू झाड स्वतःही तयार करतं. फळ पिकताना, पान गळताना, आणि संकटात असताना. शेतात तो वाऱ्याने उडून जातो. बंद डब्यात साचतो, आणि एक-दोन पीपीएमएवढा जरी झाला तरी गव्हाचा परागकण निकामी. पुढे तिथेच इथिलीनला दाद न देणारी जात लावली, तेव्हा दाणे भरले. आता स्टेशनवरच्या झाडांच्या पेट्यांमध्ये हा वायू गाळून काढायची सोय असते.

आणि आता परत आबांच्या शेतात या. मुळं गुदमरली की कपाशीही इथिलीन बनवते. पानं लोंबतात, पात्या-बोंडं गळतात, त्यामागे तोच वायू आहे. म्हणूनच आकस्मिक मरवर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस आहे, कोबाल्ट क्लोराइडची अगदी विरळ फवारणी, १० पीपीएम. कोबाल्ट झाडाला इथिलीन बनवू देत नाही. मीरवरचा गहू आणि पारोळ्याची कपाशी एकाच आजाराने आजारी पडले होते, हे मला रात्री साडेबाराला कळलं आणि मी एकटीच ओसरीवर हसत बसले. आई म्हणाली, झोप आता.

अर्थात शनिवारी दुपारी कोबाल्ट कुठे मिळणार? आम्ही जे करता येण्यासारखं होतं ते केलं. बांध फोडून चर काढले, साचलेलं पाणी नाल्यात सोडलं. मग टाकीत युरिया, पोटॅश आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड कालवून झाडाच्या बुंध्याशी ग्लासभर आळवणी, आणि बुंध्याची माती पायाने दाबायची. चार एकर. मी दीड तासात बसले. आबांच्या सुनेने मला एकदाही ‘बसा ताई’ म्हटलं नाही, कारण तिला मान वर करायला वेळ नव्हता. हे सगळं चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत व्हावं लागतं, नंतर झाड परत येत नाही. माझ्या आयुष्यात डेडलाइन हा शब्द मी हजारदा वापरलाय. त्या शनिवारी पहिल्यांदा त्याचा अर्थ कळला.

काम करता करता मी आबांना म्हटलं, तुमची कपाशी चंद्रावर जाऊन आलीये. ते थांबले नाहीत, पण कान टवकारले.

३ जानेवारी २०१९ला चीनचं चांग-४ हे यान चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरलं. त्यात एक बंद डबा होता, त्यात कापूस, बटाटा, मोहरीच्या जातीच्या बिया, अरेबिडॉप्सिस, यीस्ट आणि फळमाशीची अंडी. पाणी सोडल्यावर कापूस उगवला. चंद्रावर उगवलेलं पहिलं पीक कुठलं, तर कापूस. गहू नाही, तांदूळ नाही. खान्देशाने कॉलर ताठ करावी असा हा फॅक्ट आहे आणि आमच्याकडे तो कुणाला माहीत नाही. पण थोड्याच दिवसांत चंद्रावर रात्र झाली. ती आपले चौदा दिवस चालते. डब्याला ऊब देणारी सोय तेवढी टिकणारी नव्हती, तापमान उणे ५० अंशांच्याही खाली गेलं. रोप मेलं. आबा एवढंच म्हणाले, ‘थंडी.’

थंडीचं आमच्याकडे दुखणं आहेच. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या वर जातो हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, टीव्हीवाले दर वर्षी दाखवतात. जानेवारीत तो दहाच्या खाली उतरतो तेव्हा केळी कशी आक्रसते, हे कुणी दाखवत नाही. पानं पिवळी पडतात, घड बाहेर यायला अडतो, फळ वाढत नाही. मग बागेभोवती शेवरीची ताटी, रात्री पाणी, घडावर पिशव्या. एकाच झाडाला काही महिन्यांच्या अंतराने दोन टोकांचे स्ट्रेस, आणि तरी जिल्हा केळीचा म्हणून ओळखला जातो.

रंगाची गोष्ट सांगायची राहिली. कपाशीवर लाल्या येतो. रात्री थंड पडल्या, नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं, की पानं लालसर-जांभळी होतात. हा रोग नाही, झाडाने चेहऱ्यावर दाखवलेलं टेन्शन आहे. त्या रंगद्रव्याचं नाव अँथोसायनिन. आता हे ऐका. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगासाठी फ्लोरिडा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी नासाकडून चंद्रावरची खरी माती मिळवली, अपोलो ११, १२ आणि १७च्या अंतराळवीरांनी आणलेली. किती? फक्त १२ ग्रॅम. अकरा वर्षं मागत होते ते. एका रोपाला एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर. त्यात अरेबिडॉप्सिसच्या बिया टाकल्या. सगळ्या उगवल्या! पण सहाव्या दिवसानंतर वाढ खुंटायला लागली, मुळं खुरटली, आणि काही रोपं लालसर-जांभळी झाली. जीन्स तपासले तर क्षार, धातू, ऑक्सिडेशन यांचा ताण. जी माती चंद्राच्या पृष्ठभागावर जास्त काळ उघडी पडली होती, अपोलो ११ची, तिच्यात सगळ्यात वाईट हाल.

म्हणजे चंद्राच्या मातीत लाल्या आला. पारोळ्याच्या कृषी सहायकाला फोटो दाखवला असता तर त्याने मॅग्नेशियम सल्फेट लिहून दिलं असतं.

मला यातलं जे मनाला लागलं ते हे : झाडाकडे ‘अंतराळ’ नावाचा जीनच नाही. कोट्यवधी वर्षांत त्याच्यावर ही वेळ कधी आलीच नाही. दुष्काळ आला, पूर आला, पाला खाणारे प्राणी आले, थंडी आली, ऊन आलं. त्या प्रत्येकाला उत्तर आहे. पण खालीच नाही अशी जागा? तर झाड आपल्याकडची जुनी उत्तरं एकेक करून काढून बघतं. स्टेशनवर वाढवलेल्या वनस्पतीच्या पेशींमध्ये उष्णतेचे जीन्स सुरू झालेले आढळले, आणि तापमान अगदी नॉर्मल होतं. मे महिना नसताना मे महिन्याची तयारी. शिवाय एकाच झाडाच्या वेगवेगळ्या जाती वेगवेगळी उत्तरं काढतात. आबा शेतात कपाशीच्या दोन जाती लावतात, एक दगा देईल तर दुसरी राहील म्हणून. त्या शनिवारी तेच दिसत होतं. एका जातीची झाडं बरीच आडवी, शेजारच्या ओळीतली दुसरी बऱ्यापैकी उभी. पाणी तेच, माती तीच.

रेडिएशनचं पटकन सांगते, कारण त्याबद्दल उगाच भीती असते. तिथे किरणोत्सर्ग जास्त, त्याने बियांमधला डीएनए बिघडू शकतो हे खरं. पण आपण हा बिघाड मुद्दाम करून वापरतही आलोय. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांचा मारा करून तयार केलेली टीएयू-१ ही उडदाची जात महाराष्ट्रात खूप पेरली गेली. नोव्हेंबर २०२२मध्ये ज्वारीच्या बिया स्पेस स्टेशनवर पाठवल्या गेल्या, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतर्फे. उद्देश हाच की बदललेल्या बियांमधून काही कणखर निघतं का बघावं. ज्वारी आणि उडीद, म्हणजे आमच्या कळण्याच्या भाकरीचे दोन्ही घटक. त्या रात्री जेवताना मी हे सांगितलं आणि कुणीही भाकरी खाली ठेवली नाही.

महाराष्ट्राचा आणखी एक पाहुणा तिथे जाऊन आला. चवळीच्याच रॉकेटवर मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाने, म्हणजे पनवेलजवळच्या कॅम्पसने, पालकाच्या पेशींचा गोळा पाठवला होता. टिश्यू कल्चर म्हणतात ते हेच. जळगावकरांना टिश्यू कल्चरचं अप्रूप नाही. ग्रँड नैन केळीची रोपं बाटलीत वाढवायचं काम शहरात कित्येक वर्षं चालू आहे. बाटलीतलं रोप लाडाने वाढलेलं असतं, पानावर मेणाचा थरही धड नसतो. ते थेट शेतात लावलं तर जातं. म्हणून आधी शेडनेटमध्ये ठेवून हळूहळू ऊनवाऱ्याची सवय करतात, हार्डनिंग. अंतराळातल्या पेटीतली रोपं मला त्या बाटलीतल्या रोपांसारखी वाटतात, फक्त त्यांच्या दारापुढे शेडनेट नाही.

आणि आबांना ज्यात खरा इंटरेस्ट वाटला तो प्रयोग सगळ्यात शेवटी. २०२१च्या जूनमध्ये त्याच गिलरॉय यांनी कापसाची रोपं स्पेस स्टेशनवर पाठवली. पांढऱ्या सोन्यासाठी नाही, मुळांसाठी. त्यातल्या काही रोपांमध्ये एव्हीपी१ नावाचा जीन वाढवलेला होता, ज्याने मुळं जास्त पसरतात आणि झाड दुष्काळात तग धरतं. गुरुत्वाकर्षण काढून घेतल्यावर मूळ कुठे, कसं जायचं ठरवतं, हे कळलं तर जमिनीवर कमी पाण्यात येणारा कापूस घडवता येईल, हा हिशेब. म्हणजे तिथे पाहून इथे सुधारायचं.

आबांनी विचारलं, ‘मग निघना का?’ निघाला का तसा कापूस? म्हटलं, अजून बाजारात नाही. ते म्हणाले, ‘निघना का मले सांगजो.’ आणि पुढच्या झाडाकडे वळले.

रविवारी संध्याकाळी मी धुळ्याहून परतीची गाडी पकडली. हात युरियाने खरखरीत झालेले, पाठ मोडलेली. मंगळवारी स्टँड-अप मीटिंग चालू असताना आबांचा फोन आला. बाहेर जाऊन घेतला. वरच्या अंगाची झाडं बरीच उभी राहिली होती. बांधाच्या कडेचा, खोलगट भागातला तुकडा गेला तो गेलाच. किती गेलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चर कायमचा काढून घेतो म्हणाले, पुढच्या पावसाळ्याच्या आत.

मग म्हणाले, ‘एक इचारानं राही गयं. चांदवर कापूस उनाच, तर येचाले कोण जाई? मजूर तं आठेच भेटत नहीत.’

मी म्हटलं, विचारून सांगते.